जिथं सोडाल, तिथंच मी

मी यार्सुमच्या कालव्यावरची होडी बोलतेय. होडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शीड येईल, वल्ही येतील, गाणं म्हणणारा नावाडी येईल. यातलं माझ्याकडे काही नाही. मी म्हणजे लोखंडाची एक चपटी परात. दोन बाजूंना कठडा, मधे एक बाक, आणि दोन्ही टोकांना एकेक साखळी. एक साखळी यार्सुमच्या काठाला बांधलेली, दुसरी समोर मोलेन गावच्या काठाला. आत चढायचं, पुढची साखळी धरायची आणि ओढायची. चाळीस मीटर पाणी. धडधाकट माणूस दोन-तीन मिनिटांत पलीकडे पोचतो.

गाडीवाल्यांना माझा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी लांब एक मोठा पूल आहे, तिकडून वळसा घालून समोरच्या गावात जायचं तर नऊ किलोमीटर पडतात. माझ्यावर येतात ते पायी चालणारे आणि सायकलवाले. शाळेची पोरं, बेकरीत जाणाऱ्या बाया, कुत्र्याला फिरवणारे म्हातारे. मला तेच आवडतात. गाडीत बसलेला माणूस कधी कुणाशी बोलताना मी पाहिला नाही, माझ्या बाकावर मात्र भांडलेली माणसंसुद्धा दोन मिनिटं गुडघ्याला गुडघा लावून बसतात.

दोन्ही काठांवर एकेक मोठं दांड्याचं चाक आहे. मी समोरच्या काठाला असले, तर ते चाक फिरवून मला रिकामीच आपल्याकडे ओढून घ्यायची. पण काठावरचं चाक मला फक्त आपल्याकडे ओढतं. समोर ढकलता येत नाही. शेवटचा माणूस ज्या काठाला उतरला, त्या काठाला मी रात्रभर पडून. स्वतःहून मला तसूभरही हलता येत नाही. पुढे जे झालं ते या एका गोष्टीपायी झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आणि दोन काठांवर दोघं एकाच वेळी चाक फिरवायला लागले तर? तर मी मधोमध ताटकळत. हा ओढतो, तो ओढतो, हटत कुणीच नाही. फ्रीसलँड प्रांताची माणसं ती, मान तुटेल पण वाकणार नाही! एकदा पाद्रीबाबा आणि पोस्टमन दहा मिनिटं असे झोंबत होते. शेवटी पाद्रीबाबांची टोपी पाण्यात पडली तेव्हा कुठे थांबले.

माझा जन्म वोपकेच्या शेडमध्ये झाला. वोपके यार्सुममध्ये सायकली दुरुस्त करायचा. सत्तावीस वर्षांचा, हडकुळा, बोटांना कायम काळं वंगण. आधीची लाकडी होडी एका हिवाळ्यात बर्फाने चिरडली, तेव्हा त्याने चार मित्रांना गोळा केलं आणि सहा शनिवार खपून मला जोडलं. गावाच्या सोयीसाठी, असं सगळ्यांना सांगत होता. मित्र काय दूधखुळे होते?

"वोपके, एवढी घाई कशाला? सरकार पूल बांधेल की इथे."

"पूल होईस्तोवर तिचं दुसऱ्याशी लग्न होईल," वोपके म्हणाला आणि पुन्हा वेल्डिंगला बसला.

ती म्हणजे हिस्के. मोलेनच्या बेकरीत कणीक मळायची. दंड असे, की साखळी वोपकेपेक्षा दुप्पट वेगाने ओढायची. लग्न होऊन ती यार्सुमला आली ती त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून, मांडीवर साखरेचा पाव घेऊन. पुढची त्रेचाळीस वर्षं ती तशीच बसत आली. वोपके पॅडल मारणार, ती मागून त्याच्या पाठीला टेकून गावभरच्या बातम्या सांगणार. माझ्यावर चढली की मात्र त्याला बाजूला सारायची. "सरक तिकडे. तुझ्या हाताने आपण नाताळला पोचू."

वोपकेने आयुष्यात गाडी घेतली नाही. त्याचा त्याला जरा गर्वच होता, खोटं कशाला बोलू? "देवाने दोन पाय दिलेत, त्याला चार चाकं कशाला हवीत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. पावसात, वाऱ्यात, गारठ्यात तो सायकलवरच. त्यांची मुलगी निन्के. ती आधी त्याच्या पुढच्या छोट्या खुर्चीत बसून आली, मग मागच्या, मग स्वतःच्या सायकलवर. समोरून वारा असला की वोपके शेजारून चालवताना तिच्या पाठीवर पंजा ठेवायचा आणि तिला ढकलत न्यायचा. आमच्याकडे बापाला हाइट म्हणतात आणि आईला मेम. धक्क्यावर येईपर्यंत पोरीचं तोंड चालू असायचं. "हाइट, हात काढू नका हं! हाइट, अजून ढकला!" मला अजून ते कानांत आहे.

निन्के मोठी झाली, नर्स झाली, मोलेनमध्ये राहायला गेली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, सुजलेल्या पायांवर ते घट्ट मोजे चढवायचे, असं तिचं काम. तिचे बरेचसे पेशंट यार्सुमचे. त्यामुळे रोज सकाळी पावणेसातला ती माझ्यावरून यार्सुमला यायची आणि कामाला लागायच्या आधी आईबापाकडे कॉफी प्यायची.

आता तो दिवस. मार्चमधला मंगळवार, सकाळचे दहा, वारा बोचरा. वोपके धक्क्यावर आला. मागे हिस्के नेहमीसारखीच बसलेली, पण एक हात छातीवर दाबून धरलेला. चेहरा पिठासारखा.

"अजून ऐक माझं," वोपके म्हणाला. "ॲम्ब्युलन्सला फोन करतो."

"काही नको! काल वाटाण्याचं सूप जास्त झालं, गॅस धरलाय, दुसरं काही नाही. ॲम्ब्युलन्स दारात आली की सगळी गल्ली पडद्याआडून बघेल."

"मग शेजारच्याला गाडी काढायला सांगू?"

"त्याच्या गाडीत बसायला मी काय आजारी आहे? डॉक्टर समोर पलीकडे, दहा मिनिटांचा रस्ता. चल, उगाच कटकट करू नकोस."

आमची माणसं अशीच आहेत बघा. घराला आग लागली तरी शेजाऱ्याची झोपमोड नको म्हणून हळूच बादली आणतील. वोपकेने तिला आत चढवलं, बाकावर बसवलं आणि साखळी धरली. पकड दोनदा निसटली. ते तिने पाहिलं. तशीच उठली आणि त्याच्या हातातून साखळी घेतली. "दे इकडे. तुझं हे असंच चाललं तर डॉक्टर जेवायला निघून जाईल." हसत होती हो ती! सात-आठ वेळा ओढली असेल. मग साखळी सोडली आणि बाकावर बसली. पुढचं वोपकेने ओढलं.

मोलेनचा काठ जवळ आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "वोपके, निन्केला यातलं काही सांगू नकोस. मी ॲम्ब्युलन्स नको म्हटलं हे तर मुळीच नाही. ती मला फाडून खाईल."

"नाही सांगत."

"शपथ?"

"शपथ."

डॉक्टरने तिला तिथूनच मोठ्या दवाखान्यात पाठवलं. संध्याकाळी ती गेली.

मातीच्या दिवशी सगळे परत निघाले. चर्चमधली कॉफी झाली, केकचा तुकडा झाला, माणसं पांगली. वोपके आणि निन्के दोघंच माझ्यावर चढले. निन्केच्या कानावर एव्हाना एक गोष्ट आली होती. त्या मंगळवारी मोलेनच्या शाळेतले जुने डाउवे मास्तर बांधावर कुत्रा फिरवत होते, त्यांनी लांबून हिस्केला साखळी ओढताना पाहिलं होतं. म्हातारा मनाने वाईट नाही. शेवटपर्यंत किती तडफदार होती बाई, असं कौतुकाने सांगायला गेला. झालं भलतंच.

"मेमला तुम्ही सायकलवर नेलंत?" निन्के म्हणाली. आवाज अगदी हलका. "छातीत दुखत होतं तिच्या. आणि तुम्ही तिला कॅरिअरवर बसवून नेलंत?"

वोपके साखळी ओढत राहिला.

"आणि साखळी तिने ओढली? तिने? बोला ना!"

"ओढली. थोडी."

"एक फोन, हाइट! एक फोन केला असता तर ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत दारात होती. मी रोज लोकांच्या घरी जाऊन तेच सांगते. पण नाही! वोपकेच्या घरात चार चाकं यायची नाहीत! तुमच्या त्या सायकलीच्या मिजाशीपायी माझी आई मेली."

मी मनातल्या मनात किंचाळले. सांग की रे बाबा! सांग, तिनेच नको म्हटलं! मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं. पण वोपके तोंडात मूग गिळून उभा. शपथ होती, हे एक झालं. पण तेवढंच नव्हतं. मेलेल्या बायकोच्या डोक्यावर खापर फोडून आपण मोकळं व्हायचं, हे त्याच्याच्याने होईना. नंतर एकटा माझी साखळी वंगणायला यायचा तेव्हा पुटपुटायचा, "मी तिचं ऐकायला नको होतं. नकोच होतं ऐकायला." म्हणजे मुलीचं म्हणणं त्याला आतून पटलंही होतं.

त्या दिवसापासून निन्केने अबोला धरला. रोज सकाळी यार्सुमला यायची, सगळ्या गावाच्या म्हाताऱ्यांचे पाय चोळायची, आणि बापाच्या दारावरून मान न वळवता पुढे जायची. वोपके शेडच्या खिडकीत कॉफीचे दोन कप मांडून बसायचा म्हणे. पोस्टमनने सांगितलं. दुसरा कप तो शेवटी स्वतःच प्यायचा.

आता माझी अडचण ऐका. संध्याकाळी यार्सुमची पोरं मोलेनच्या मैदानावर खेळायला जात आणि आठला परत येत. शेवटचे प्रवासी तेच. त्यामुळे रात्री मी यार्सुमला, आणि सकाळी पावणेसातला निन्के समोर मोलेनला. तिला मला चाकाने ओढून घ्यावं लागे. पेशंट उचलून उचलून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता. दहा वेळा फिरवायची, थांबायची, खांदा धरायची, पुन्हा दहा वेळा.

अबोल्याला दीड वर्ष झालं होतं. एका सकाळी वोपके यार्सुमच्या धक्क्यावर माझ्या साखळीला वंगण लावत बसला होता. समोर निन्के आली. तिने चाक धरलं, मी निघाले, आणि मध्यावर आले तोच ती कळवळून ओरडली. खांदा धरून खाली वाकली. वोपके ताडकन उठला. पोरीला मदत करायची, एवढंच त्याच्या डोक्यात. धावला आणि समोर जे चाक दिसलं ते फिरवायला लागला.

अरे देवा! ज्याने स्वतःच्या हाताने ते चाक बसवलं, तोच विसरला. यार्सुमचं चाक मला यार्सुमकडे ओढतं! निन्केने पुन्हा दांडा धरला होता. तिच्या हातातून तो हिसकला. तिने मान वर केली, तर समोर बाप. जीव खाऊन होडी आपल्याकडे ओढतोय.

"एवढा राग?" ती पाण्यावरून ओरडली. "सकाळी सकाळी माझ्याशी हे खेळ? घ्या, घ्या तुमची होडी!"

"पोरी, नाही गं, मी तर..." वोपकेचा आवाज वाऱ्याने कुठल्या कुठे नेला. ती सायकलवर बसून पुलाच्या वाटेने गेली. नऊ किलोमीटर, तो खांदा घेऊन. वोपके चाकाला कपाळ टेकून कितीतरी वेळ उभा होता. माझ्यावर चढून मला समोर घेऊन गेला असता तर काम झालं असतं. ते त्याला नंतर सुचलं. करायला गेलो मदत आणि झाला घात, दुसरं काय?

त्याच संध्याकाळी खेळणारी पोरं घरी गेल्यावर वोपके सायकल घेऊन आला. मला ओढत मोलेनच्या काठाला नेलं. तिथे उतरला, मला नीट अडकवलं, आणि सायकलवर बसून पुलाच्या रस्त्याने वळसा घालून घरी गेला. मला आधी कळेना, म्हाताऱ्याला झालंय काय. सकाळी निन्के आली आणि मी तिच्या पायाशी उभी. चाक फिरवायला नको, काही नको. ती थबकली, इकडेतिकडे पाहिलं, आणि चढली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आणि मला रडू आलं. लोखंडाला रडू येत नाही म्हणणाऱ्याने माझी गळती बघावी.

पुढे रोज हेच. रोज! वय त्र्याहत्तर. मोटारी अंगावरून घोंगावत जातात असल्या रस्त्याने रोज नऊ किलोमीटर, थेट दार ते दार चारशे पावलांची वाट असताना. बर्फाने कालवा बंद असेल तेवढेच दिवस सुटका. निन्केला वाटायचं, पोरांच्या खेळाची वेळ बदलली असणार. एकदा मैत्रिणीला म्हणाली, "हल्ली होडीचं नशीब चांगलंय बाई माझं." मी म्हटलं, नशीब? तुझं नशीब तिकडे खोकत पॅडल मारतंय.

डाउवे मास्तरांनी एकदा त्याला बांधावर गाठलं. "वोपके, रोज इकडून तिकडे आणि मग वळसा? वेड लागलं काय?"

"डॉक्टरने व्यायाम सांगितलाय."

"निन्केला बोल की एकदा."

"काय बोलू? तिला माझी गरज नाही मास्तर. होडीची आहे."

दुसऱ्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. बूट बसेनात, तर नाड्या सोडून यायचा. ज्या मोज्यांची त्याला गरज होती ते त्याची पोर त्याच गावात दहा जणांच्या पायांवर रोज चढवत होती. पण याने नाव नोंदवलं नाही. "तिला माझ्या दारात ड्यूटी म्हणून यावं लागेल," असं मला म्हणाला, "तसं नको." साखळीचा एक हिसका, मग दम खायला थांबायचा, मग दुसरा.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी धुकं दाटलं होतं. तो आला. मी मनात म्हटलं, आज नको रे, एक दिवस तिने चाक फिरवलं तर मरणार नाही ती. त्याने ऐकलं नाही, ऐकायला येतच नाही. अर्ध्यावर आलो आणि त्याने साखळी सोडली. बाकावर बसला. सायकल कठड्याला टेकलेली. "जरा थांबतो हं," म्हणाला, आणि मग उठलाच नाही. मी पाण्याच्या मधोमध. दोन्हीकडे वीस-वीस मीटर. त्याला कुठल्याही काठाला नेणं माझ्या हातात नव्हतं. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

सकाळी धुकं तसंच. मोलेनच्या धक्क्यावर तिच्या सायकलचा ब्रेक वाजला. "गेलं वाटतं नशीब," ती म्हणाली आणि चाक धरलं. दहा फेऱ्या, थांबली. पुन्हा दहा फेऱ्या. डाउवे मास्तर कुत्रा घेऊन येत होते. "थांब, मी फिरवतो," म्हणाले. ती म्हणाली, "राहू द्या, येतेय जवळ." आणि मग धुक्यातून तिला माझा बाक दिसला.

ती ओरडली नाही. चाक फिरवत राहिली, जोरजोरात, खांद्याची पर्वा न करता, मी धक्क्याला आपटेपर्यंत. मग आत उडी मारून त्याची मान पाहिली, मनगट पाहिलं. नर्सच ती. तिला कळलं.

"हे इकडे कुठे निघाले होते? एवढ्या गारठ्यात? माझ्याकडे येत होते का?"

मास्तरांनी टोपी काढली. "तुझ्याकडे नव्हे गं पोरी. होडी तुझ्या काठाला ठेवायला. वर्ष होऊन गेलं, रोज ठेवतोय. इथे सोडायची आणि पुलावरून घरी जायचं. मला म्हणाला, व्यायाम."

निन्के खालीच बसली. त्याच्या सुटलेल्या नाड्या तिने पाहिल्या, तट्ट फुगलेले घोटे पाहिले. बूट काढून त्याचे गार पाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागली. दुसऱ्यांचे चोळते तसेच, खालून वर, खालून वर. "हाइट," ती म्हणाली, "हाइट, उठा. मी रागावले नाही आता. मेमचं ते सगळं माफ केलं मी. ऐकलंत का? माफ केलं तुम्हाला. उठा ना."

माफ केलं. माझ्या जिवाचं पाणी झालं. ज्यात त्याचा दोष नव्हता, ते तिने त्याला माफ केलं. आणि खरं काय ते जाणणारी मी एकटी, मला वाचा नाही.

म्हातारं माणूस होडीवर असं गेलं म्हणून आता इथे सायकलींचा पूल बांधायचं ठरलंय. वसंतात मला उचलतील आणि बांधावरच्या गवतात ठेवतील. आत माती भरून फुलं लावायचा बेत आहे. लावा बापड्यांनो. निन्के अजून रोज येते. साखळी ओढताना एकदा तरी म्हणते, "माझ्या बापाने चूक केली, पण माणूस चांगला होता." रोज ऐकते मी ते.

म्हणून तुम्हाला हात जोडते. मला हात नाहीत, तरी जोडते. तुम्ही कधी पायी किंवा सायकलवर त्या बाजूला गेलात, तर मोलेनमध्ये नर्स निन्केचं घर विचारा, कुणीही दाखवेल. तिला सांगा, तुझा हाइट ॲम्ब्युलन्सला फोन करतो म्हणाला होता, शेजाऱ्याची गाडी काढू म्हणाला होता, तुझ्या मेमने ऐकलं नाही. साखळी तिने हौसेने ओढली, हसत ओढली. चूक केली नव्हती त्याने, पोरी. वोपके माझ्यावर चिडेल, चिडू दे. शपथ त्याने घेतली होती, मी नाही.